नवा कॉम्प्युटर आणि न जुळणारी तेरीज

मागील अंकात गॅसच्या रबरी नळीविषयी लिहिले होते. त्यावर बरीच पत्रे आली. बहुतेकांना नळीविषयीच विचारायचे आहे, त्यांना उत्तरे देईनच. पण त्यात एक पत्र निराळे निघाले. बदलापूरच्या एका भगिनीने लिहिले आहे की, त्यांच्या मुलाने सुटे भाग आणून घरीच कॉम्प्युटर जोडला. त्याला तीन आठवडे झाले. तो चालता चालता मध्येच बंद पडतो, कधी आपोआप पुन्हा सुरू होतो, कधी पडद्यावर काहीबाही इंग्रजी येते. शेजारी म्हणतात व्हायरस शिरला, मामा म्हणतो वीज कमी-जास्त होते, दुकानदार म्हणतो पोराने हाताने बिघडवला. मुलगा दोन दिवस धड जेवलेला नाही. 'विकून टाकावा काय?' असे बाईंनी शेवटी विचारले आहे.

ताई, विकू नका. निदान हा लेख वाचून होईपर्यंत तरी नको. आमच्या घरी नेमके हेच घडून गेले आहे, आणि त्यात सर्वांत मोठी चूक माझी होती. मी कॉम्प्युटरचा इंजिनियर नव्हे. बी.कॉम. होऊन कारकुनी करणारा माणूस. तेव्हा जे सांगतो ते कारकुनाच्या रीतीने सांगतो.

नोव्हेंबर २०२४ ची गोष्ट. मुलगी कॉम्प्युटर सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला होती. कॉलेजच्या प्रयोगशाळेत एका यंत्रावर दोघी-तिघी बसायच्या, आणि प्रोजेक्टचे काम तर घरीच करावे लागे. तयार कॉम्प्युटरच्या किमती विचारल्या, त्या आमच्या आवाक्याबाहेरच्या. मग तिनेच वहीच्या पानावर सुट्या भागांची यादी केली. प्रोसेसर, मदरबोर्ड, आठ-आठ जीबीच्या रॅमच्या दोन पट्ट्या, एसएमपीएस, कॅबिनेट, सगळे मिळून एकेचाळीस हजारांच्या आत बसवले. मी कचेरीच्या पतपेढीतून कर्ज उचलले. लॅमिंग्टन रोडला बापलेक दोघे गेलो. (त्या रस्त्याचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे आहे, पण त्या नावाने विचारले तर तिथलाच माणूस गोंधळतो.) येताना दादरला गाडी बदलली आणि कल्याणपर्यंत कॅबिनेटचे खोके मांडीवर घेऊन आलो. रविवारी दिवसभर मुलगी पुस्तिका समोर उघडी ठेवून जोडत होती. संध्याकाळी पंखे फिरले, पडदा उजळला. सौ.ने खीर केली. शेजारची मुले बघायला आली.

बुधवारी रात्री तो पहिल्यांदा बंद पडला.

पहिल्यांदा पडला तेव्हा कोणी मनावर घेतले नाही. गुरुवारी तीनदा पडला. एकदा ब्राउझर चालू असताना, एकदा प्रोजेक्टचा प्रोग्राम चालवताना, एकदा तर कोणी हात न लावता, नुसता उभा असताना. मग घरात जे सुरू झाले ते आठवले की आता हसू येते. मुलीने विंडोज पुसून नव्याने टाकले. त्याच रात्री ड्रायव्हर बदलले. मी पट्टीतला प्लग काढून भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावला. शेजारच्या मुलाने येऊन सगळ्या वायरी काढून पुन्हा खोचल्या आणि जाताना 'काका, एसएमपीएस गेलाय' असे सांगून गेला. कचेरीतल्या एका स्नेह्यांनी फोनवरून अँटीव्हायरस टाकायला लावला. शुक्रवारी दिवसभर कॉम्प्युटर उत्तम चालला! आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. शनिवारी सकाळी पुन्हा आडवा.

इथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, शुक्रवारी तो का चालला हे आम्हांला सांगता येईना. एका रात्रीत पाच गोष्टी बदलल्या होत्या. त्यातल्या एकीने गुण आला की कशानेच आला नाही, नुसता योगायोग होता, हे कळायला मार्गच ठेवला नव्हता.

शनिवारी दुकानदाराला फोन केला. त्याने पहिला प्रश्न विचारला, 'जोडला कोणी?' मुलीने, म्हटल्यावर तो म्हणाला, 'मग हाताच्या स्थिर विजेने काहीतरी उडाले असणार, त्याला आम्ही काय करणार?' मी फोन ठेवला आणि मुलीला म्हणालो, 'तुला सांगत होतो, जोडलेला तयार घेऊ. चार पैसे जास्त गेले असते.' वस्तुतः मी तसे कधीच सांगितले नव्हते. कर्जाचा पहिला हप्ता पगारातून कापला जाणार होता, तो राग मी तिच्यावर काढला. तिने काही उत्तर दिले नाही. कॉम्प्युटरवर जुनी ओढणी टाकली आणि कॉलेजच्या मैत्रिणीकडे अभ्यासाला जाऊ लागली.

सोमवारी संध्याकाळी आमच्या वस्तीतील महिला बचत गटाचा हिशेब पाहायला बसलो होतो. दर महिन्याला बसतो. त्या दिवशी तेरीज नव्वद रुपयांनी जुळत नव्हती. ज्यांनी हिशेब लिहिले आहेत त्यांना ही युक्ती ठाऊक असेल : फरकाला नवाने पूर्ण भाग जात असेल, तर कुठेतरी आकड्यांची अदलाबदल झाल्याची शंका घ्यावी. शोधले तर खतावणीत ५४० च्या जागी ४५० पडले होते. अध्यक्षबाई म्हणाल्या, 'भाऊ, आम्ही तर सगळी वही नव्याने लिहून काढणार होतो.' मी त्यांना नेहमीचे उत्तर दिले, की वही नव्याने लिहिली तर जुनी चूक सापडत नाही, दोन नव्या होतात. एकेक नोंद घ्यायची, पडताळायची, खूण करायची, मग पुढची.

हे बोलताना माझे मलाच कुठेतरी बोचले. घरी आम्ही काय केले होते? सगळी वही नव्याने लिहिली होती.

घरी येऊन मुलीला म्हटले, 'बाळ, माझे चुकले. उद्यापासून आपण कीर्द लिहू.' तिला आधी कळेना. मग एक शंभर पानी वही काढली आणि पानावर चार रकाने आखले : तारीख-वेळ, काय चालू होते, काय झाले, आपण काय बदलले. नियम एकच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि ती लिहिल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही. आधीचे दिवस तिने आठवून भरले. शनिवार-रविवारच्या ओळीत लिहिले होते, 'बंद पडला नाही. लावलाच नव्हता.' ते वाचून मी गप्प राहिलो.

कॉम्प्युटरच्या जगात वहीचा मान मोठा आहे, हे मला नंतर मुलीनेच सांगितले. ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेत हार्वर्डच्या 'मार्क टू' या अवाढव्य गणनयंत्रात बिघाड झाला. तपासताना एका रिलेत अडकलेला पतंग सापडला, दिव्यावर येतो तो किडा. चालकांनी तो चिकटपट्टीने कामाच्या वहीत लावून ठेवला आणि शेजारी वेळेसह नोंद केली. ती वही आज अमेरिकेच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात आहे, पतंगासकट. बिघाडाला 'बग' म्हणण्याची पद्धत त्याच्याही आधीची, पण खराखुरा किडा तेव्हा सापडला. आणि सापडल्यावरही त्यांनी तो फेकला नाही, नोंदीला जोडला. आमचे जुने हेडक्लार्क असते तर त्यांनी पाठ थोपटली असती.

असो. आता ताईंच्या मुलासाठी कामाचे सांगतो.

बंद पडण्याचे प्रकार असतात आणि ते वेगवेगळे लिहावेत. दिवा घालवावा तसा कॉम्प्युटर एका क्षणात काळोखा होत असेल, तर पहिली शंका वीजपुरवठ्यावर किंवा उष्णतेवर घ्यावी. सांकेतिक शब्द दाखवून पडदा येत असेल (विंडोजचा हा पडदा पूर्वी निळा होता, विंडोज ११ मध्ये २०२५ पासून काळा केला आहे), तर रॅम, ड्रायव्हर, साठवणीची डिस्क यांकडे पाहावे. चित्र थिजून बसत असेल तर आणखी निराळे. यावरून निकाल लागत नाही, नुसती दिशा कळते. पडदा वाचण्याआधीच यंत्र पुन्हा सुरू होत असेल, तर विंडोजच्या सिस्टिम प्रॉपर्टीजमध्ये 'स्टार्टअप अँड रिकव्हरी'मध्ये जाऊन 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट' समोरची खूण काढावी. मग पडदा स्थिर राहतो आणि मोबाईलने फोटो काढता येतो. आमच्याकडे तीन दिवसांत तीन निरनिराळे शब्द आले. एकदा 'मेमरी मॅनेजमेंट', एकदा 'आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल', एकदा 'पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया'. दरवेळी शब्द वेगळा, दरवेळी चालू असलेला प्रोग्रामही वेगळा. प्रथम यानेच आम्ही गोंधळलो. पण वहीत एकाखाली एक लिहिल्यावर मुलगी म्हणाली, 'पप्पा, एखादा प्रोग्राम खराब असता तर तोच पडला असता. इथे सगळेच पडतायत. म्हणजे बिघाड सगळ्यांच्या खाली आहे.'

विंडोज स्वतःही रोजनिशी ठेवते. शोधपट्टीत 'रिलायबिलिटी' असे लिहिले की दिवसवार तक्ता दिसतो, बिघाडाच्या दिवशी लाल फुली. 'इव्हेंट व्ह्यूअर' नावाची तपशीलवार नोंदवही वेगळी. त्यात आम्हांला जागोजागी 'कर्नल-पॉवर ४१' अशी नोंद दिसली. नावात 'पॉवर' पाहून शेजारचा मुलगा उड्या मारू लागला, 'बघा, मी म्हटले होते एसएमपीएस!' पण तसे नाही. या नोंदीचा अर्थ एवढाच की, यंत्र रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झाले. कशामुळे, ते ती सांगत नाही. हिशेबात फरकाचा पत्ता लागेपर्यंत रक्कम उचंत खात्यात टाकतात, तसेच हे. उचंत खात्याला कोणी खर्चाचे कारण म्हणत नाही. ही नोंद पाहून नवा एसएमपीएस विकत घेणारे मात्र पुष्कळ असतात.

म्हणून आम्ही क्रमाने निघालो. क्रम ठरवताना मुलीने एक चांगला नियम लावला : ज्याला पैसे लागत नाहीत आणि जे मागे घेता येते, ते आधी.

सर्वांत आधी प्रोजेक्टची फाइल पेनड्राइव्हवर काढली आणि पेनड्राइव्हवरची जुनी प्रतही पुसली नाही. रॅम सदोष असेल तर नक्कल करताना फाइल बिघडू शकते, म्हणून नव्या प्रतीवर एकट्या भरवसा ठेवू नये. याच कारणाने विंडोज पुन्हा टाकण्याची घाई करू नये. सदोष रॅमवर टाकलेले नवे विंडोजही जन्मतःच बिघडलेले निघू शकते. आम्ही तेच करून बसलो होतो.

मग उष्णता. तापमान दाखवणारे फुकट प्रोग्राम मिळतात. नुसते बसलेले असताना चाळीसच्या आसपास, पूर्ण कामाला लावले असताना सत्तर-पंचाहत्तर अंश. प्रोसेसर तापला तर आधी स्वतःच गती कमी करतो आणि फारच तापला तर बंद होतो, साधारण नव्वद-शंभर अंशांच्या घरात. आमचा त्याच्या बराच खाली होता. नव्या कॉम्प्युटरात इथे एक हटकून होणारी चूक आहे. पंख्याखालच्या धातूच्या तळाला कधी कधी प्लास्टिकचा पातळ पापुद्रा चिकटवलेला असतो, तो काढायचा राहतो. ताईंच्या मुलाने हे पाहावे.

पुढे जोडण्या. प्लग काढून, कॅबिनेटच्या धातूला हात लावून, मगच आत हात घालावा. मदरबोर्डला विजेच्या दोन मुख्य जोडण्या असतात. एक चोवीस पिनांची रुंद आणि दुसरी प्रोसेसरजवळच्या कोपऱ्यात आठ पिनांची. दोन्ही 'कट्' असा आवाज येईपर्यंत बसल्या पाहिजेत. मदरबोर्डखाली पितळी खुंट्या असतात. बोर्डाला भोक नाही अशा जागी एखादी खुंटी राहून गेली, तर ती पाठीला टेकून शॉर्ट होऊ शकते. हे सगळे मुलीने तपासले आणि वहीत लिहिले, 'बरोबर.' एसएमपीएसचा डबा मात्र कोणीही उघडू नये. प्लग काढल्यावरही त्याच्यात वीज साठून राहते. तो जीवावरचा खेळ आहे.

वीज म्हटले की अर्थिंगचे सांगितले पाहिजे. आपल्या जुन्या चाळींत आणि वस्त्यांत तीन पिनांचे सॉकेट असते, पण तिसऱ्या भोकामागे तार असतेच असे नाही. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखे होत असेल, तर वायरमन बोलावून अर्थिंग तपासून घ्यावे. आमच्या घरी ते नव्हते असे निघाले. करून घेतले, आठशे रुपये गेले, कॉम्प्युटर बंद पडायचा तो पडतच राहिला. पण तो खर्च मी वाया गेला म्हणणार नाही. त्याच सॉकेटवर सौ. मिक्सर लावते.

आता उरली रॅम. हिच्याविषयी थोडे समजून घेतले पाहिजे, कारण घरी जोडलेल्या कॉम्प्युटरात संशयाची पहिली जागा पुष्कळदा हीच असते.

रॅमच्या पट्टीवर मोठ्या अक्षरांत ३२०० असा वेग छापलेला होता. पण बोर्डावर बसवल्यावर ती आपोआप त्या वेगाने धावत नव्हती. आमची २१३३ वरच सुरू झाली. छापील वेग मिळवायला बायोसमध्ये जाऊन 'एक्सएमपी' नावाची सोय चालू करावी लागते. मुलीने ती पहिल्याच दिवशी केली होती, तसे सगळेच करतात. ती चालू केली की पट्टीचा वेग वाढतो, आणि आमच्या डीडीआर-४ पट्ट्यांचा व्होल्टेज १.२ वरून १.३५ वर जाई. पट्टी, बोर्ड आणि प्रोसेसर या तिघांनाही तो वेग झेपला तर ठीक. एकाला जरी झेपला नाही तरी यंत्र अधूनमधून कोलमडते. म्हणून वहीतला पहिला बदल हा : एक्सएमपी बंद. बाकी काही नाही.

दोन दिवस कॉम्प्युटर पडला नाही. मी तर दुकानदाराला मनातल्या मनात माफही करून टाकले. तिसऱ्या दिवशी रात्री सव्वाअकराला पडला. वही नसती तर आम्ही पुन्हा पाच गोष्टी बदलल्या असत्या. पण वहीत स्पष्ट दिसत होते, की आधी दिवसातून तीनदा, आता तीन दिवसांत एकदा. म्हणजे वेग कमी केल्याने बिघाड गेला नाही, झोपला. संशय रॅमवरच घट्ट झाला.

रॅम तपासायला 'मेमटेस्ट८६' नावाचा प्रोग्राम आहे. त्याची साधी आवृत्ती फुकट मिळते. ती पेनड्राइव्हवर टाकून कॉम्प्युटर त्याच पेनड्राइव्हवरून सुरू करायचा. विंडोज मध्ये येतच नाही, त्यामुळे विंडोजवर आळ घ्यायलाही जागा राहत नाही. हा प्रोग्राम रॅमच्या प्रत्येक घरात आकडे लिहितो, पुन्हा वाचतो, ताडून पाहतो. सोळा जीबीत अशी किती घरे? मी कागदावर मांडून पाहिले : सुमारे तेरा हजार सातशे चव्वेचाळीस कोटी. प्रत्येकात शून्य किंवा एक. त्यातले एक घर जरी लिहिलेले विसरले, तरी त्या घरात जो प्रोग्राम मुक्कामाला येईल तो कोसळणार. आज ब्राउझर, उद्या प्रोजेक्ट, परवा खुद्द विंडोज. पडद्यावरचे शब्द रोज का बदलत होते त्याचा उलगडा इथे झाला.

चारही फेऱ्या व्हायला काही तास लागतात, म्हणून रात्री लावून झोपलो. पहाटे सौ. पाणी भरायला उठली आणि तिने हाक मारली, 'अहो, लाल लाल काय आलंय बघा.' दुसऱ्या फेरीत चुका निघाल्या होत्या. या तपासणीत शंभरपैकी नव्याण्णव गुणांना पास म्हणत नाहीत. एकही चूक निघता कामा नये.

इथे आमचे काम संपले असे मला वाटले. मुलगी म्हणाली, 'नाही, कुठली पट्टी ते कुठे कळलंय? आणि खाच खराब असली तर?' मग तिने केले ते मी आमच्या कचेरीतल्या ऑडिटरलाही दाखवावे असे होते. पहिली पट्टी एकटी, दुसऱ्या खाचेत : चार फेऱ्या स्वच्छ. दुसरी पट्टी एकटी, त्याच खाचेत : चुका. मग दुसरी पट्टी चौथ्या खाचेत : तरीही चुका. पहिली पट्टी चौथ्या खाचेत : स्वच्छ. चार रात्री, चार नोंदी. खाच कुठलीही असो, चूक दुसऱ्या पट्टीबरोबर फिरत होती. बोर्ड निर्दोष, पहिली पट्टी निर्दोष. (बहुतेक चार खाचांच्या बोर्डांवर दोन पट्ट्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवायच्या असतात. पुस्तिकेत चित्र असते. पुष्कळजण पहिल्या दोन खाचांत खोचून मोकळे होतात.)

शनिवारी अर्धा दिवस रजा टाकून दुकानात गेलो. वही, मोबाईलवरचे फोटो, आणि पक्के बिल. बिलाचे इथे मुद्दाम सांगतो. भाग घेताना 'बिल नको असेल तर थोडे कमी करतो' असे कोणी म्हटले तर ते कमी फार महाग पडते. आमच्या बिलावर जीएसटीसह प्रत्येक भागाचा सिरियल नंबर होता, पट्टीच्या चिकटपत्रावरचा नंबर त्याच्याशी जुळत होता. दुकानदाराने पुन्हा स्थिर विजेचे काढले. मुलगी शांतपणे म्हणाली, 'काका, असे होऊ शकते हे मला मान्य आहे. पण सुटे भाग तुम्ही विकता ते जोडण्यासाठीच ना? जोडल्यावर वॉरंटी संपते असे कुठे लिहिले आहे ते दाखवा.' ते कुठेच लिहिलेले नव्हते. मग त्याने स्वतःच्या यंत्रावर पट्टी लावली, वीस मिनिटांनी 'काही नाही, ठीक आहे' म्हणाला. तिने वही पुढे केली. 'पहिल्या फेरीत येत नाही. दुसरीत येते. चारही वेळा बघा.' दुकानदाराने वही बरीच उलटीसुलटी पाहिली. गल्ल्यावरच्या वडीलधाऱ्या गृहस्थांनीही पाहिली. आम्ही समोरच्या उपाहारगृहात चहा घेऊन, रस्त्यावर दोन फेऱ्या मारून पाचच्या सुमारास परत आलो, तेव्हा त्यांच्याच पडद्यावर लाल ओळी होत्या.

पट्ट्या जोडीने विकलेल्या असतात, म्हणून मुलीने दोन्ही बदलून मागितल्या आणि ते बरोबर होते. निरनिराळ्या जोड्यांतल्या पट्ट्या एकत्र नांदतीलच असे नाही. कंपनीच्या सेवा केंद्राकडून नवी जोडी यायला अकरा दिवस लागले. तोवर दुकानदाराने आठ जीबीची एक पट्टी वापरायला दिली, तिच्यावर प्रोजेक्ट पुरे झाले.

दुकानदाराने ऐकलेच नसते तर? मी त्याचीही तयारी ठेवली होती. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. तिथे तक्रार नोंदवता येते. त्यानेही भागले नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे जिल्हा आयोगाकडे जाता येते, आणि मालाची दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. वकील लावलाच पाहिजे असेही नाही. पण तिथेही पहिले विचारतात ते बिल आणि काय-केव्हा-झाले याची नोंद. आमच्याकडे दोन्ही होते, म्हणून दुकानात आवाज चढवावा लागला नाही. मुलीने तर शेवटी त्याच दुकानातून पेनड्राइव्ह घेतला. मला ते तितकेसे रुचले नाही, पण पेनड्राइव्ह स्वस्त होता.

नवी जोडी लावून पुन्हा रात्रभर तपासणी केली, आधी २१३३ वर, मग एक्सएमपी चालू करून. दोन्ही स्वच्छ. त्यानंतर विंडोज एकदा शेवटचे नव्याने टाकले, कारण आधीचे सदोष रॅमवर टाकलेले होते. वहीत शेवटची फुली डिसेंबर २०२४ ची आहे.

ताई, तुमच्या मुलाची भानगड रॅमचीच असेल असे मी म्हणत नाही. एसएमपीएस असू शकेल, पापुद्रा असू शकेल, एखादी अर्धवट बसलेली वायर असू शकेल. त्याला आज रात्री जेवू घाला आणि उद्या एक वही द्या. चार रकाने आखून दहा दिवस लिहू द्या, एका वेळी एकच बदल. त्या पानांची नक्कल साप्ताहिकाच्या पत्त्यावर पाठवा, आमच्या मुलीने वाचून उत्तर द्यायचे कबूल केले आहे. पत्रात दुकानाचे नाव लिहू नये. बिलाची तारीख मात्र अवश्य लिहावी.